लक्ष्मीबाईंचे घर, लक्ष्मीबाईंची उपासना

मराठी क्रमिक पुस्तकांतून लक्ष्मीबाई टिळकांचा एखादा उतारा वाचला नाही अशी पिढी आपल्यात विरळाच असेल. हा उतारा बहुधा गमतीचा असतो. नवरा कवी, भोळा, तापट आणि हाताचा सढळ. बायको शाळेचे तोंड न पाहिलेली, व्यवहारी आणि बोलण्यात तिखट. दोघांचा संसार म्हणजे रोजचे एक प्रहसन, अशी काहीशी प्रतिमा विद्यार्थ्याच्या मनावर उमटते आणि तीच घेऊन तो मोठा होतो. वर्गात हा पाठ हमखास रंगतो. मुले हसतात, मास्तरही हसतात, आणि तास संपल्याची घंटा होते.

या हसण्यात गैर काही नाही. लक्ष्मीबाईंनी ते प्रसंग लोकांनी हसावे म्हणूनच लिहिले आहेत. परंतु त्या सदुसष्ट वर्षे जगल्या, आणि त्यांतील शेवटची छत्तीस वर्षे, म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य, त्या ख्रिस्ती होत्या, हे मात्र आपण जणू तळटीप म्हणून वाचतो. त्या रविवारी उपासनेस जात, मंडळीच्या सुखदुःखात असत, आपल्या घरात आल्यागेल्याला प्रार्थनेस बसवीत, आणि एका मोठ्या गोतावळ्याच्या आई व पुढे आजी झाल्या. हा सारा भाग वगळून उरणाऱ्या लक्ष्मीबाई म्हणजे ‘टिळकांची विनोदी बायको’. त्यांच्या श्रद्धेविषयी प्रश्न निघालाच तर एका वाक्यात त्याचा निकाल लागतो: पतीमागून गेल्या, दुसरे काय करणार होत्या! मला या वाक्याचीच थोडी तपासणी करावयाची आहे, कारण लक्ष्मीबाईंच्या चरित्रातील तारखा त्याला साक्ष देत नाहीत.

१ जून १८६८ रोजी नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, म्हणजे घरातली मनू. सत्तावन्नच्या धामधुमीत आईच्या वडिलांना फाशी झाली होती, आणि त्या आघाताने म्हणा वा अन्य कशाने म्हणा, मनूच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याच्या वेडाने पुरते ग्रासले होते. बाहेरून आलेले धान्यधुन्य धुतल्याखेरीज घरात चढायचे नाही, कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा स्नान, आणि या सर्वांचा जाच बायकामुलांना. ‘स्मृतिचित्रे’ उघडताच हे घर समोर येते. वाचक येथेही हसतो. पण हा भाग पुढच्या कथेची नुसती नांदी नव्हे, तिचा पाया आहे. ज्या मुलीचे बालपण शिवाशिवीच्या भीतीत गेले, तिला पुढे कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा प्रश्न केवळ रूढीचा राहिला नव्हता. तो तिच्या हाडीमांसी खिळलेला होता.

अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि मनूची लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातील करजगावचा. विद्वान, आशुकवी, आणि एका जागी न टिकणारा माणूस. आज या गावी, उद्या त्या गावी असा संसार चालला. पुढे नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाची गाठ पडली; त्याने टिळकांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

आता येथे थांबून हिशेब करावा. १८९५ मध्ये लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरी दत्तू हा चार वर्षांचा मुलगा. माहेरच्यांनी, विशेषतः बहीण भिकूताईने, त्यांना आधार दिला. पंढरपुरासारख्या क्षेत्री त्यांचे दिवस गेले. पतीची पत्रे येत, पती स्वतः येई, विनवी, रागावे. पतीमागून जाणे एवढाच त्यांचा धर्म असता तर त्या आठवड्याभरात निघाल्या असत्या; त्या काळच्या पतिव्रताधर्माप्रमाणे त्यांना कोणी दोषही देऊ शकले नसते. त्या गेल्या नाहीत. सुमारे पाच वर्षे गेल्या नाहीत. नंतर नगरास जाऊन राहिल्या तेव्हाही चूल वेगळी, पाणी वेगळे, आणि मनाने आपला जुना धर्म राखून. एका छताखाली दोन धर्म नांदविण्याची ही कसरत लक्ष्मीबाईंनी विनोदाने लिहिली आहे. पण तीत रोजची किती होरपळ असेल याची कल्पना ज्याच्या घरात एकत्र कुटुंबाची वेगवेगळी व्रतवैकल्ये पाळली जात त्यालाच यावी.

१९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्याआधी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा कणा तीच आहे. राहुरीस असताना त्या जातीविषयी स्वतःशीच विचार करू लागल्या. जन्म, मरण, भूक, तहान ही देवाने सर्वांना सारखीच दिली, तर हा उच्चनीच भेद कोणी केला? तो देवाने केलेला दिसत नाही, माणसानेच केला, असा त्यांचा निश्चय झाला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या सिद्ध झाल्या. या निश्चयामागे कोणा मिशनऱ्याचे प्रवचन नव्हते, आणि टिळकांची विद्वत्ताही नव्हती. सोवळ्याने जाचलेल्या जलालपूरच्या मुलीने स्वयंपाकघरात बसून सोवळ्याचा प्रश्न सोडविला. बाप्तिस्मा हा त्यानंतरचा. आधी पाण्याचा तांब्या, मग पाण्याचा संस्कार, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

‘स्मृतिचित्रां’चा जोसेफिन इंकस्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये निघाला. त्याचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागून जाते’. अनुवादिकेच्या मनात या शब्दांचा अर्थ ख्रिस्तामागून जाणे असा असणार, आणि तो उचितच आहे. पण नाव वाचणाराला टिळकांमागून जाणारी पत्नीच आठवते. शांता गोखले यांच्या २०१७ मधील इंग्रजी अनुवादाच्या उपशीर्षकात ती ‘बाणेदार पत्नी’ झाली. बाणेदार म्हटले हे चांगले झाले. पत्नीपण मात्र दोन्हीकडे कायम राहिले.

नगरची ख्रिस्ती मंडळी कशी होती हे थोडे सांगावयास हवे, कारण आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा तिच्याशी संबंध येत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरास १८३१ पासून सुरू होते. त्याचे ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ पासून निघत असे. आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातही असे एक केंद्र होते. नारायण शेषाद्री हे मराठी मुलखातील आरंभीच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांपैकी एक. सालारजंगांच्या दिवाणगिरीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ हे गाव वसविले. म्हणजे मराठी बोलणारा, मराठीत प्रार्थना करणारा ख्रिस्ती समाज आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. या समाजात बहुसंख्य लोक अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले होते. त्यांच्या पंगतीला बसणे, त्यांच्या बायकांबरोबर एका बाकावर बसून भजन म्हणणे, त्यांच्या मुलांना मांडीवर घेणे हे गोखल्यांच्या मनूच्या वाट्याला आले. रविवारची उपासना हे सोपे काम आहे असे आपल्याला वाटते. त्या बाईच्या बाबतीत दर रविवार म्हणजे वडिलांच्या घरातून पुन्हा एकदा बाहेर पडणे होते.

तरी हे घर पाश्चात्त्य झाले नाही. टिळकांचा आग्रह होता की ख्रिस्त स्वीकारावा, साहेबीपणा नव्हे. दत्तूचा देवदत्तच राहिला, डेव्हिड झाला नाही. मुलीचे नाव तारा. उपासनेत कीर्तन आणि अभंग आले. टिळकांनी रचलेली कितीतरी भजने मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात आहेत आणि आजही गायिली जातात. टिळक १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाले आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक. पण काव्य, कीर्तन, संपादन या सर्वांना जे घर लागते ते कोण चालवीत होते? हातात येईल ते समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे होणाऱ्या माणसाच्या घरात उद्याच्या पिठाची चिंता कोणाला तरी करावीच लागते.

आणि त्या घरात माणसे किती! दुष्काळाने उघडी पडलेली मुले, आई नसलेल्या मुली, शिकावयास आलेले विद्यार्थी, टिळकांनी वाटेत भेटला म्हणून घरी आणलेला कोणी. नगरास प्लेगने थैमान घातले तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेस उभ्या राहिल्या. ज्या रोग्याला सख्खे नातेवाईक शिवत नसत त्याला एकेकाळच्या सोवळ्या बाईने पाणी पाजावे, यात मला त्यांच्या आयुष्याची संगती दिसते. त्यांनी मात्र असले काही म्हटलेले नाही. त्यांना प्रसंग सांगावयाचा असतो, त्याचा अर्थ नव्हे.

बालकवी ठोंबरे याच घरात राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात या किशोराची प्रतिभा टिळकांनी ओळखली आणि पुढे तो नगरास टिळकांच्या घरी आला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळले. ‘औदुंबर’ आणि ‘फुलराणी’चा कवी म्हणून आपण ज्याच्यापुढे मान लववितो तो लक्ष्मीबाईंच्या लेखी एक हळवे, रुसणारे, भूक लागली की स्वयंपाकघरात येणारे पोर आहे. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यावाचून त्या घरातील त्यांचे स्थान कमी झाले नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातात ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. एका वर्षात त्या घरातील दोन कवी हरपले.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला होता. तो रूढ मंडळीच्या भिंतींबाहेरचा, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी होता. म्हणजे उपजीविकेचा ठरलेला आधार आधीच सुटला होता. मृत्यूनंतर देहाचे दहन व्हावे ही त्यांची इच्छा होती, आणि ख्रिस्ती समाजात त्या काळी न रुळलेली ही गोष्ट त्यांच्या इच्छेप्रमाणे झाली. लक्ष्मीबाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत होत्या.

‘पतीमागून गेल्या’ या म्हणण्याची खरी कसोटी येथून पुढे लागते. आता पुढे चालणारे कोणी नव्हते. परत फिरावयाचे तर अडविणारेही कोणी नव्हते. बहिणीच्या कुटुंबाशी जिव्हाळा अखेरपर्यंत टिकला होता. लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या आणि श्रद्धेपासून तसूभर ढळल्या नाहीत. भायखळ्यास मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रनचे काम पत्करले. त्या वयात, इंग्रजीचा गंध नसताना, दुसऱ्याच्या नियमांखाली नोकरी करणे हे घर चालविणाऱ्या बाईला किती जड गेले असेल! ते फार काळ निभले नाही. पुढे काही काळ त्या कराचीस देवदत्तांकडे होत्या.

कराचीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ते शहर त्या वेळी मुंबई इलाख्यातच होते, आणि तेथे आपल्या हैदराबादेसारखीच नोकरीव्यवसायानिमित्त गेलेली मराठी वस्ती होती. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा तेथे आजही उभी आहे. बाजारात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि उंबरठ्याच्या आत मराठी, हा अनुभव आपल्याला नवा नाही. अशा घरातील मराठी टिकते ती आजीच्या बोलण्यात. लक्ष्मीबाईंच्या घरी तर आजीचे बोलणेच पुढे वाङ्मय झाले. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून द्यावयास सांगितले. आई लिहू लागली आणि चरित्राची साधने बाजूला राहून तिचे स्वतःचे पुस्तक उभे राहिले. ‘संजीवनी’ मासिकातून ते क्रमशः येऊ लागले आणि १९३४ पासून ग्रंथरूपाने भागाभागाने निघाले. संस्कृतप्रचुर, पल्लेदार गद्याला थोरवी मानण्याच्या त्या दिवसांत ओसरीवर बसून बोलल्यासारखी ही भाषा विद्वानांनी डोक्यावर घेतली, याचे मला अजूनही नवल वाटते.

पण त्याच वर्षांत त्या दुसरेही काही लिहीत होत्या, आणि ते आपण वाचीत नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य आरंभिले होते. सुमारे दहा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. चौसष्ट! दहा अध्याय लिहिणारा पती संस्कृतज्ञ, वक्ता, मान्यवर कवी. आणि चौसष्ट लिहिणारी पत्नी, जिने शाळेची पायरी चढलेली नाही. या मराठीत ख्रिस्ताची कथा काव्यात गाण्याची परंपरा गोव्यातील फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासूनची, म्हणजे १६१६ पासूनची आहे, तीत एका गृहिणीने घातलेली ही भर आकारानेच थक्क करणारी आहे. गुणाच्या दृष्टीने काय म्हणावे? मराठीचा अभ्यासक म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की ‘स्मृतिचित्रां’ची सर ‘ख्रिस्तायना’ला नाही. तेथे लक्ष्मीबाईंचा तो खट्याळ आवाज पुष्कळदा दबलेला आहे. पवित्र कथेपुढे त्या आदराने सावरून बसल्यासारख्या वाटतात. परंतु हे काव्य त्यांनी समीक्षकांसाठी लिहिलेच नव्हते. एखादी आजी पोथीचे पारायण लावते आणि रोजचा अध्याय झाल्याखेरीज घास घेत नाही, त्या जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की या आजीच्या पोथीचे पुढचे पान कोरे होते आणि ते तिला स्वतः लिहावयाचे होते.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट मला फार आवडते. लक्ष्मीबाई आपल्या श्रद्धेचा डांगोरा पिटीत नाहीत. जुन्या धर्मातील आप्तांची त्या थट्टा करतात, पण तिरस्कार करीत नाहीत. आणि नव्या धर्मातील मंडळींना, मिशनऱ्यांनाही, थट्टेतून सूट देत नाहीत. धर्मांतर केलेल्या माणसाच्या लेखनात बहुधा दोन स्वर असतात, मागच्यावर राग आणि पुढच्याचा गौरव. येथे दोन्ही नाहीत. वडिलांच्या सोवळ्यावरही त्या रागावत नाहीत. ज्याचा निकाल आपण कधीच लावून टाकला आहे त्यावर रागावण्याचे कारण उरत नाही, असाच त्यांचा भाव दिसतो.

त्यांची शेवटची वर्षे नाशिकास गेली. जलालपूर तेथून हाकेच्या अंतरावर. मुलगा, सून, नातवंडे, येणारेजाणारे साहित्यिक आणि मंडळीतील बायका यांनी घर भरलेले असे. नातू अशोक टिळक यांनी पुढे ‘स्मृतिचित्रां’ची टिपांसह आवृत्ती सिद्ध करून आजीचे ऋण फेडले. देवदत्तांनीही आईवडिलांच्या लेखनाच्या जतनासाठी आयुष्यभर कष्ट केले. १९८० नंतरच्या दशकात विजया मेहता यांनी ‘स्मृतिचित्रे’ पडद्यावर आणले आणि सुहास जोशींच्या रूपाने लक्ष्मीबाई घरोघर पोचल्या. हैदराबादेत ज्यांनी तो चित्रपट पाहिला ते अजून त्याविषयी बोलतात, आणि बोलतात ते बहुधा नवराबायकोच्या भांडणांविषयी.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’ छापून हाती आले ते १९३८ मध्ये, आणि त्यावर पतीच्या नावाबरोबर त्यांचेही नाव होते.